डाव्या खिशाखालचं वीतभर

रफूच्या आणि रागाच्या बाबतीत त्या रस्त्यावर ताईचा हात कुणी धरू शकत नव्हतं. गिऱ्हाईक सिगारेटनं जाळलेला कोट घेऊन यायचं आणि तोंड वर करून सांगायचं, "उंदरानं कुरतडला हो." ताई चष्म्यावरून बघायची. "हो का? कुठल्या कंपनीची ओढतो तुमचा उंदीर?" माणूस ओशाळायचा, कोट ठेवून जायचा, आणि आठवड्यानं परत न्यायला आला की भोक कुठं होतं ते शोधत बसायचा. सापडायचं नाही. मग ताई गालात हसायची.

एकतीस वर्षं तिचं टेबल धुलाईच्या दुकानात मागच्या खिडकीशी होतं. एका बाजूला इस्त्रीची वाफ, दुसऱ्या बाजूला उजेड. कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा, तो सुईत घ्यायचा आणि उलट्या बाजूनं, एक खाली एक वर, विणकर बसला असता तसं विणत जायचं. बापानं दोघी बहिणींना हेच शिकवलं होतं. धाकटीचा हातही चांगला होता, पण ताईचा तो ताईचा. धाकटी तिला ताई म्हणायची म्हणून सगळा रस्ता तिला ताई म्हणायचा, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे असलेले धुलाईवालेसुद्धा. दोघींचं बिऱ्हाड समोरच्या बाजूला, दोन खोल्यांचं. नवरे, मुलंबाळं काही नाही. घरात एक शिस्त मात्र बापाच्या वेळेपासून कडक होती. फाटलेलं कापड फाटकं म्हणून कपाटात जायचं नाही. गिऱ्हाइकाचं असो की पायपुसणं असो, आधी सुई.

त्या दिवशी सकाळी सव्वादहाला ताई घरून दुकानाकडे निघाली. पांढऱ्या पट्ट्यांवरून, रमतगमत नाही आणि धावत तर मुळीच नाही. पाऊण रस्ता ओलांडून झाला होता. डावीकडून गाडी आली. ताईनं बघितलं, आणि बघितलं काय तर गाडीवाल्याच्या डोक्यातला भांग. डोळे दिसलेच नाहीत, कारण मान खाली होती आणि मांडीवर फोन होता. ताई ओरडली. काच बंद होती. पुढच्या क्षणी ती उजव्या कुशीवर रस्त्यात पडली होती आणि सगळा भार उजव्या मनगटावर आला होता.

हाड जुळलं. पण आतली शीर चेंगरली होती. डॉक्टर म्हणाले, अंगठा आणि शेजारची दोन बोटं, यांना पूर्वीसारखं कळेलच असं नाही. कळणार नाही म्हणजे काय, ते ताईला घरी आल्यावर उमगलं. चमचा धरता यायचा, दाराची कडी लावता यायची. सुई मात्र बोटांत आहे की जमिनीवर पडली आहे, हे डोळ्यांनी बघावं लागायचं. रफू डोळ्यांनी होत नाही. हे कुणालाही सांगायला जा, लोक म्हणणार, "चालतंय की आता हात!" अशा वेळी तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

महिनाभरात विमा कंपनीचा माणूस आला. तोंडात साखर, बगलेत कागद. कशी आहे तब्येत, फार वाईट झालं, आमच्या आईसारख्या तुम्ही. सही केली की आठ दिवसांत भरपाई, कोर्टाच्या पायऱ्या नकोत, काही नको. ताईनं कागद धाकटीकडून मोठ्यानं वाचून घेतला. तिसऱ्या ओळीत होतं, "सदर अपघात उभय बाजूंच्या निष्काळजीपणामुळे घडला."

"उभय म्हणजे?" ताईनं विचारलं.

"म्हणजे दोघांची थोडी थोडी..." तो माणूस म्हणाला.

"माझी कुठली थोडी? मी पट्ट्यांवर होते ती? की मला डोळे होते ती?"

"मावशी, ते नुसतं लिहायचं असतं हो. सगळ्याच कागदांवर असतं."

"मग कोरं ठेवा! नुसतंच लिहायचं असतं तर नाही लिहिलं म्हणून काय बिघडतंय?" ताईनं डाव्या हातानं कागद त्याच्या अंगावर भिरकावला. तो माणूस थेट जिना उतरला, चहाचा अर्धा कप तसाच ठेवून. त्या दिवसापासून ताईला एकच ध्यास लागला. पैसे मिळोत न मिळोत, ती ओळ कुठल्याही कागदावर राहता कामा नये.

वकीलबाई धुलाईवाल्यांच्या ओळखीतल्या. वयानं लहान, बोलायला सरळ. त्यांनी एक बरं केलं, उगाच आशा दाखवली नाही. पोलिसांत फौजदारी झालीच आहे, म्हणाल्या, ती सरकार चालवेल, त्यात गाडीवाल्याला शिक्षा होईल किंवा होणार नाही, तुमच्या हातात फार नाही. भरपाईचा दावा मात्र आपला आपण लावायचा. तिथं सिद्ध आपल्यालाच करावं लागेल, आणि ते लोक म्हणणार की अर्धी चूक तुमची. आणि तडजोड केलीत तर आजच मोकळ्या, पण सही केली की पुढं हात आणखी बिघडला तरी तोंड उघडायचं नाही.

"दावा लावा," ताई म्हणाली.

"ऐका तर. तो म्हणतोय, तुम्ही दुकानाच्या फुटपाथवरून धावत खाली उतरलात. म्हणजे गाडी तुमच्या उजवीकडून आली. आणि मोडला उजवा हात. त्याचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं."

"पडले उजवीकडे, म्हणून उजवा मोडला! धडकली डावीकडून!"

"मला पटतं हो. कागद कुठाय?"

कागद नव्हता. मांडीवर डावीकडे वीतभर काळंनिळं झालं होतं, पण दवाखान्यात सगळे हाताच्या मागे, ते कुणी लिहिलंच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा नुसता शोभेचा. गाडीवाल्याच्या फोनच्या यादीत सव्वादहाच्या आधी एक मिनिट निरोप गेलेला दिसत होता, त्यावर तो म्हणत होता, तो सिग्नलला उभा असताना पाठवला.

वकीलबाईंनी विचारलं, "अंगावर काय होतं त्या दिवशी?"

"लोकरीचा कोट. राखाडी. डाव्या खिशाखाली वीतभर फाटला होता. नंबराच्या पाटीत अडकून टरकन..." ताई एकदम उठून उभीच राहिली. "धाकटे! कोट काढ गं!"

धाकटी जागची हलली नाही.

कोट कपाटात होता. धुतलेला, इस्त्री केलेला. आणि डाव्या खिशाखाली काही नव्हतं. ताई दवाखान्यात असताना धाकटीनं अकरा दिवस बसून तो रफू केला होता. ताई घरी आल्यावर तिला फाटका कोट दिसू नये म्हणून. वकीलबाईंनी खिडकीशी नेऊन बघितलं, चष्मा काढून बघितलं, बोट फिरवलं, आणि हात टेकले.

"कुणी सांगितलं होतं तुला शहाणपण करायला?" ताई कडाडली. "माझा हात गेला, तो काय कमी होता? माझा पुरावा शिवून टाकलास! त्या गाडीवाल्याची बहीण की माझी?"

धाकटी कोटाची घडी घालायला लागली. त्यामुळे ताईला आणखीच चेव आला. त्यानंतर कित्येक आठवडे ती धाकटीशी भिंतीकडे बघून बोलायची. भात झाला का. दार लावलं का. मनातून तिला कळत होतं की हा राग चुकीच्या पत्त्यावर जातोय. पण खरा पत्ता वकिलाच्या आडोशाला बसला होता, तिथं पोचता येत नव्हतं, आणि धाकटी समोर होती.

सुनावणी चौदा महिन्यांनी लागली. लहानशी खोली, उंच टेबलामागे न्यायाधीश साहेब, खाली टंकलेखक, एका बाकावर गाडीवाला. तिशीचा असेल. सगळा वेळ स्वतःच्या बुटांकडे बघत होता. इथंही मान खालीच, ताईच्या मनात आलं, आणि तिचे दात आवळले गेले.

धाकटीनं साक्ष दिली, डाव्या खिशाखाली फाटलेला कोट आपणच रफू केला म्हणून. गाडीवाल्याच्या वकिलानं कोट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरला आणि विजयानं म्हणाला, "साहेब, हा कोट कधी फाटलेलाच नाही!"

आयुष्यभरात धाकटीच्या हाताची एवढी तारीफ कुणी केली नव्हती, आणि ती करणारा हा मेला! ताईला हसावं की ओरडावं कळेना.

"साहेब, परवानगी असेल तर उसवून दाखवते," धाकटी म्हणाली. "पण वेळ लागेल."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "उसवा."

तिनं अस्तर सोडलं आणि सुईच्या टोकानं पहिला धागा उचलला. मग दुसरा. एक धागा चुकून ओढला गेला. ताईला राहवेना. "घाई नको," ती पुढं वाकून म्हणाली. "खालच्या टोकाकडून घे, बाळ. तिथं गाठ सैल ठेवतेस तू नेहमी." धाकटीनं एकदा मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि खालच्या टोकाकडून घेतलं.

पाऊण तास लागला. डाव्या खिशाखाली वीतभर तोंड उघडलं. कडा विसकटलेल्या, खालून वर ओढल्यासारख्या.

"हे केव्हाही फाटलेलं असू शकतं," त्याचा वकील म्हणाला, पण आवाजात मघाचा जोर नव्हता.

साहेबांनी कोट उचलून बाकावरच्या गाडीवाल्यासमोर धरला. "तुम्ही सांगा. बाई कुठून आल्या?"

त्याच्या वकिलानं खाकरून बघितलं. गाडीवाल्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. तो त्या फाटलेल्या जागेकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "समोरून. दुकानाकडे येत होत्या. जवळजवळ पोचल्या होत्या. मी वर बघितलं तेव्हा... त्या गाडीवरच होत्या, साहेब."

"आणि तोवर कुठं बघत होतात?"

"फोनमध्ये."

"काय लिहीत होतात?"



"घरून विचारलं होतं, जेवायला येतोस का. मी 'हो' लिहिलं."

टंकलेखकाचे हात थांबले होते. तो साहेबांकडे बघत होता, हे घ्यायचं की नाही घ्यायचं.

ताई उठली. वकीलबाईंनी पदर ओढला, तो तिनं झटकून सोडवला. "थांबलात का? लिहा ना! उभय बाजू लिहायला यांच्याकडे शाई होती, मग हे पण लिहा. तो 'हो' लिहा. एका 'हो'पायी माझी बोटं मेली, ते कागदावर दिसू दे सगळ्यांना."

साहेबांनी मान हलवली. टंकलेखकानं तो 'हो' टाईप केला. त्याला एक क्षणसुद्धा लागला नाही.