याओकाकांचं अडकलेलं पत्र

याओकाकांचा भरवसा जगात एकाच गोष्टीवर होता: सर्व्हरवर ठेवलेल्या मक्याच्या कुरकुऱ्यांच्या हिरव्या पुडीवर. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको आणि ती कुणी खायची नाही, म्हणजे यंत्र शहाण्यासारखं वागतं. आमच्या च्यायी शहरात आम्ही सगळेच अशी पुडी ठेवतो. पण आपल्या माघारी कुणी ती बदलली तर नाही ना, हे रोज सकाळी तपासणारे फक्त याओकाका.

आमच्या मत्स्य महाविद्यालयाची मेल त्यांनी बावीस वर्षं सांभाळली. स्वतःची मेल मात्र कुठल्याच कंपनीकडे ठेवली नाही, कंपन्या वाचतात म्हणे. त्यासाठी घरी, पितरांच्या देव्हाऱ्याखाली, एक म्हातारा संगणक दिवसरात्र घरघरत असे. डब्यातल्या टर्की-भातावर आज तुकडे कमी का, हेही ते दुकानदाराला फोन करून विचारत.

मी शिन-रू. त्यांच्या हाताखाली तीन महिन्यांच्या प्रोबेशनवर आले आणि पहिलंच काम मिळालं ते फसव्या पत्रांची गाळणी बदलण्याचं. पत्र आलं की गाळणी चौकशी करते. बदनाम नावांच्या याद्या ठेवणाऱ्यांना विचारते, पाठवणाऱ्याच्या घरच्या यंत्रालाही विचारते, की हे पत्र तुमचंच का? जुनी गाळणी एकाला विचारी, उत्तर येईपर्यंत बसून राही, मग दुसऱ्याला विचारी. दाराशी पत्रांची रांग लागे. नवी सगळ्यांना एकदम विचारते आणि तोवर पत्र वाचायला घेते. पाच सेकंदांत जी उत्तरं येतील ती धरायची, उरलेल्यांचा नाद सोडायचा, ती नुसती नोंदीत जातात.

हे काकांना मुळीच पटलं नाही. ज्याला लपवायचं असतं तोच उत्तर देत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःच्या हातानं एक नियम घातला: पाच सेकंदांत उत्तर नाही, तर संशयाचे तीन गुण. गुण भरले की पत्र संशयितांच्या ढिगात, फारच झाले तर थेट बाहेर. दर गुरुवारी तो ढीग उपसायचं काम माझं, म्हणजे एकेक पत्र वाचायचं आणि सोडायचं किंवा पुसायचं.

महिन्याभरात फंगहू बेटांवरच्या एका छोट्या मत्स्यबीज केंद्राची तीन पत्रं गायब झाली. ती ज्यांना यायची होती ते प्राध्यापक तणतणत आले. ते गेल्यावर काकांनी मला सरळ विचारलं, "तू पुसलीस?"

मी गप्प राहिले. ढिगात तर ती पत्रं मी पाहिलीच नव्हती. गाळणीच्या नोंदी बघून मगच बोलू, असं मनाशी म्हटलं. पण तासाभरात त्यांनी नोंदी उघडण्याचा माझा पासवर्डच बदलला. मी पुरावा पुसेन म्हणून. त्या दिवसापासून मी चहाला उठले की ते माझ्या पडद्याकडे बघत, आणि खरं सांगते, मीही त्यांच्याकडे तसंच बघू लागले.

प्रोबेशनचा शेवटचा दिवस शुक्रवार. कायम करायचं की नाही ते विभागप्रमुख लाईबाई ठरवणार. गुरुवारी ढीग उपसताना त्यांच्या नावचं एक पत्र हाती आलं. विषय: शिन-रूला ठेवू नये. खाली लिहिलेलं, की मुलगी पत्रं पुसते आणि विचारलं तर तोंड उघडत नाही. पाठवणारे याओकाका, घरच्या पत्त्यावरून.

सोडलं तर नोकरी गेली. पुसलं तर कुणाला कळणार नाही, पण मग काकांचं म्हणणं खरं ठरणार. याचा मला फार राग आला. लॅपटॉप उचलून मी त्यांच्या टेबलापाशी गेले. ते जेवत होते.

"काका, लाईबाईंना लिहिलेलं तुमचं पत्र ढिगात अडकलंय."

त्यांचा घास हातातच राहिला. "तू पाहू नयेस म्हणून तर घरून पाठवलं. तूच अडकवलंस."

"नोंदी तुमच्याकडे आहेत. उघडा."

त्यांनी उघडल्या. काकांच्या घरच्या यंत्राला विचारलं होतं, पत्र तुमचंच का? पाच सेकंद शांतता. तीन गुण. सातव्या सेकंदाला उत्तर आलं होतं, होय, आमचंच. त्याच्या वर फंगहूची तीन पत्रं, त्यांचीही उत्तरं उशिरा आलेली. त्यांत फोटो भरमसाट, गुण आधीच चढलेले, म्हणून ती ढिगात न येता परस्पर बाहेर गेली होती.

"आता सांगा, तुमचं पत्र सोडू की पुसू?"

मी उत्तराची वाट बघत तशीच उभी राहिले. भात निवला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "मी विचारलं तेव्हा गप्प का बसलीस?"

"बघून सांगणार होते. तुम्ही थांबलाच नाहीत."

त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि पत्र पुसलं. मग आपला नियम काढून टाकला, फंगहूला फोन लावला आणि चूक माझी होती, पत्रं पुन्हा पाठवा, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

मी कायम झाले त्याला चार वर्षं झाली. काका अजूनही मधूनच डोळे बारीक करून विचारतात, "त्या पत्राची प्रत ठेवलीयस ना गं तू?"

मी उत्तर देत नाही. ते जरा वेळ थांबतात आणि पुडीवरची तारीख बघायला निघून जातात.