उल्फचं हसू

श्रीकांत देवस्थळींची हयात बेंगळुरूच्या सरकारी विमान कारखान्यात गेली. हौस म्हणून ते तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकांत कामं करायचे, पण वाट्याला यायचा पोस्टमन, नाही तर वाईट बातमी सांगून निघून जाणारा डॉक्टर. त्याची त्यांना कधी खंत वाटली नाही. रंगमंचावर उभं राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकायला त्यांना मनापासून आवडायचं.

त्यांची मुलगी शलाका कोरमंगलात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या स्टुडिओत होती. निवृत्त होऊन घरी बसलेल्या बाबांना ती एका सकाळी म्हणाली, "बाबा, व्हायकिंगांच्या जहाजावरचा म्हातारा उल्फ होशील का? आमचा नट पाय मुरगळून बसलाय."

"संवाद किती?"

"एकही नाही. नुसतं सुकाणू धरून उभं राहायचं."

"मग जमेल."

स्टुडिओत त्यांना काळा घट्ट सूट चढवला. त्यावरचे चमकते ठिपके कॅमेरे टिपणार आणि त्यांची हालचाल पडद्यावरच्या उल्फला मिळणार.

"पोटाचं काय करायचं?" त्यांनी संकोचून विचारलं.

"असू द्या काका. उल्फ मासे भरपूर खातो," नायकाचं काम करणारा ऋतुराज म्हणाला.

प्लायवूडच्या जहाजावर चढून ऋतुराज शत्रूचं बेट कसं जिंकणार ते आवेशात सांगू लागला आणि ऐन रंगात पाय घसरून खालच्या गादीवर आदळला. सगळे त्याला उठवायला धावले. श्रीकांतना मात्र हसू फुटलं, पार बेंबीच्या देठापासून. खांदे गदगदत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण सुकाणूवरचा हात सुटला नव्हता.

"माफ करा हं," ते ओशाळून म्हणाले. "पुन्हा घेऊ या."

"थांबा सर," दिग्दर्शिका धनलक्ष्मी म्हणाली. "हेच हवंय. आता आवाजासाठी एकदा हसा."

ठरवून हसायला गेले तर नुसता खोकल्यासारखा आवाज निघाला. त्यालाच सगळे हसले, मग त्यांनाही आवरेना.

गेमच्या मूळ कथेत दुसऱ्याच वादळात बुडून मरायचा होता तो उल्फ. धनलक्ष्मीने भांडून त्याला शेवटपर्यंत जिवंत ठेवलं. त्याला चार वाक्यंही मिळाली. ती परदेशातला कुणी बोलला, हसणं मात्र श्रीकांतचंच राहिलं. नायक पाण्यात पडला की उल्फ हसणार, असं ठरलं.

गेम आला त्या रविवारी शलाकाने आईच्या हातात कंट्रोलर दिला. प्रतिमाताईंचा नायक चालायला लागला तो थेट समुद्रात. उल्फ खदखदून हसला.

"अहो, मला हसताय?"

"मी कुठे? तो हसतोय."

नायक पुन्हा पडला. मग पुन्हा.

"आई, डावीकडे वळव. बेट समोरच आहे," शलाका म्हणाली.

"राहू दे गं ते बेट," प्रतिमाताई म्हणाल्या आणि नायकाला मुद्दाम जहाजाच्या कडेला नेऊन उभं केलं.

त्या कंट्रोलर सोडेनात, तेव्हा श्रीकांत उठले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.