भिंगरीने पुसलेली नोंद

घरात त्याला सगळे भिंगरी म्हणत. भिंगरी पायाला होतीच, बोटांनाही होती. थोरली बहीण नाटकांसाठी केसांचे टोप करायची आणि हा तिच्या कारखान्यात, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर वेबसाइट सांभाळायचा. बरं चाललेलं काही दिसलं की त्याच्या हाताला खाज सुटे.

त्या सकाळी त्याने वेबसाइट नव्या सर्व्हरवर हलवली आणि त्याच झपाट्यात, वेबसाइटच्या नावापुढे कुठे काय पोचवायचं हे लिहिलेल्या यादीतल्या बाकीच्या नोंदी जुना कचरा म्हणून झाडून टाकल्या. दुपारी एका नाटक मंडळीच्या मॅनेजरचा फोन आला. अख्ख्या संचाच्या टोपांची ऑर्डर, मापांसकट, मेलने पाठवलेली; ती परत आली होती. संध्याकाळपर्यंत पोचली नाही तर काम दुसरीकडे जाणार होतं.

"काय उपटलंस?" जाळीत केस गुंफता गुंफता ताईने विचारलं.

"अगं, वेबसाइटचं घर कुठे ते ए रेकॉर्ड सांगतो. तो बरोबर आहे. त्याच घराचं दुसरं नाव सीनेममध्ये. आपल्या नावाने जाणारा मेल खरंच आपला, ही साक्ष टीएक्सटीत. आणि टपाल कुठल्या दारात टाकायचं, ते एमएक्समध्ये."

"मग?"

"एमएक्स पुसला."

"वा. घर सजवलं आणि पोस्टमनला हाकललं."

नोंदी त्याने लगेच परत घातल्या. मॅनेजरने मेल पुन्हा पाठवला, पुन्हा परत. भिंगरी उठला, बसला, खिडकीशी जाऊन आला.

"त्यांच्याकडच्या यंत्राने मघाशी विचारलं तेव्हा 'असं दारच नाही' हे उत्तर मिळालं. तेच ते काही वेळ धरून बसतं. मी आणखी एक नोंद घालून बघू?"

"कलप लावून डोकं चोळत बसलं तर रंग धरतो का रे? हात लावू नकोस. फोन लाव त्याला."

"काय सांगू?"

"भावाने घोळ घातला म्हणून सांग. नाहीतर दे, मीच सांगते."

तिने फोन घेऊन घोळ सांगितला तसा मॅनेजर हसला. "मला वाटलं, ताईंनी गाशा गुंडाळला."

"मापं तोंडी सांगा," ताई म्हणाली. "राजाचं डोकं केवढं?"

ती टोप बसवायच्या एकेका लाकडी डोक्यावर खडूने माप लिहू लागली. भिंगरीचा हात पुन्हा कीबोर्डकडे सरकला. बोलणं न तोडता तिने प्रधानाचं डोकं उचलून त्याच्या हातात दिलं.

"दोन्ही हातांनी धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही."