मालिशचा पलंग

देन हेल्डर या डच बंदरगावाच्या साप्ताहिकात हिल्ये पासकाम्प सत्तावीस वर्षं मुद्रितं तपासत होती. डच भाषेत शब्दाला शब्द जोडत गेलं की मालगाडीएवढा शब्द तयार होतो. तो ओळीच्या शेवटी कुठे तोडायचा, बोलताना जोर कुठे द्यायचा, यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चुकणाऱ्याला ती सोलून काढायची.

गाईगुरांच्या फ्रीजलंड प्रांतातली यिके हाताखाली आली आणि हिल्येला आयतं गिऱ्हाईक मिळालं. रोज दहाच्या कॉफीला ती यिकेला उभं करून मोठ्याने वाचायला लावी. एकदा बंदराची सूचना होती, अपघात टाळण्याबद्दल. यिकेने जोर मधल्या अक्षराऐवजी पहिल्यावर दिला आणि त्याच शब्दाचा अर्थ झाला, अपघात होण्याबद्दल.

"अगं, गोठ्यातच राहायचंस की!" हिल्ये म्हणाली. "गाईंना जोर कुठेही चालतो."

सगळा छापखाना खिदळला. यिके मान खाली घालून बसली.

मार्चमध्ये मासेमारीची बोट बुडाली. सहा जण गेले. त्यांत हिल्येचा धाकटा भाऊ लुबेर्ट. ती घरी होती, म्हणून शेवटचं पान सहीसाठी यिकेने तिच्याकडे नेलं. हिल्येला अक्षरं दिसत नव्हती.

"तू नीट पाहिलंस ना गं?"

"पाहिलं, बाई."

हिल्येने सही ठोकली.

पानावर त्या सहा जणांसाठीच्या प्रार्थनेचं निवेदन होतं. 'मास्साखेबेड' म्हणजे सामुदायिक प्रार्थना; हा शब्द 'मास्सा'पाशी तोडायचा. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने पुढची 'ge' ही दोन रोमन अक्षरं वरच्याच ओळीत ओढली. तसं तोडलं की त्याच स्पेलिंगचा पहिला तुकडा वाचला जातो 'मसाज' आणि उरतो 'बेड'. यिकेला ते पान हाती येताच दिसलं होतं.

रविवारी चर्चमध्ये म्हाताऱ्या सेवकाने अंक उघडला आणि छापलं तसंच, जोरासकट वाचलं, "आपल्या सहा बुडालेल्या बांधवांसाठी मालिशचा पलंग."

मागच्या बाकावर कुणीतरी फुसकन हसलं. मग ते आवरेना. लुबेर्टची बायको आल्ये पोराला काखेत घेऊन बाहेर गेली.

सोमवारी हिल्येने यिकेला गाठलं. "तुला दिसलं होतं!"

"दिसलं होतं," यिके हळूच म्हणाली. "पण सही तुमची आहे, बाई."

हिल्येने संपादकांकडे धाव घेतली. त्यांनी सहीचं पान तिच्यापुढे सरकवलं. "मेलेल्यांच्या पानावर तरी पोरीवर ढकलू नका."

आल्येने तिला दार उघडणं बंद केलं. "माझ्या नवऱ्यावर गाव हसलं, ते तुझ्यामुळे," एवढंच ती खिडकीतून म्हणाली.

यिके हिल्येच्या खुर्चीत बसली. हिल्येला तळघरात वर्गणीदारांच्या पत्त्यांच्या पट्ट्या चिकटवायला धाडलं. निवृत्त होईपर्यंत नऊ वर्षं ती तिथेच होती. कॉफी तिला खाली पाठवत; बहुतेकदा गार झालेली.