पांढऱ्या टोपीचा म्हातारा

मी नगरपालिकेत चावीवाला होतो. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं, कधी तोडायचं, त्यासाठी जमिनीतला व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत. पण अख्ख्या गावाचं पाणी एकोणतीस वर्षं या दोन हातांतून गेलं, हे मी कुणालाही सांगतो. विचारलं नाही तरी सांगतो.

बायको गेल्यावर मुलानं ऑकलंडला आणलं. माउंट रॉस्किलला भाड्याचं घर. मुलगा आयटीत, सून फार्मसीत, नात शाळेत. सकाळी आठला तिघं बाहेर पडायची, मग संध्याकाळपर्यंत घरात फक्त फ्रिजचा आवाज. नातीला माझं मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. ते मला कळायचं नाही, आणि कळत नाही हे मी तिला कळू द्यायचो नाही.

शेजारच्या घरात एकटा माणूस राहायचा, पन्नाशीच्या आतला. एका सकाळी त्याच्या अंगणात पाइप फुटला आणि तो हातात बादली घेऊन नुसता बघत उभा. इथं रस्त्याकडेला छोट्या झाकणाखाली प्रत्येक घराची चावी असते, तिला टोबी म्हणतात. मी न विचारता गेलो, झाकण उचललं, चावी फिरवली. पाणी थांबलं. त्यानं माझ्याकडं जसं पाहिलं, तसं नगरपालिकेत एकोणतीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

तो उइघुर होता. चीनच्या पार पश्चिम टोकाला राहणारे हे लोक, धर्मानं मुसलमान, बोली तुर्कांच्या जवळची. तरुणपणी त्यानं रावळपिंडीत कापडाचा धंदा केलेला, त्यामुळं त्याला उर्दूच्या वळणाचं मोडकंतोडकं हिंदी यायचं. माझं हिंदीही तसलंच. दोघांचं मिळून एक धड हिंदी व्हायचं. तो मला आका म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ.

त्याच्या खोलीत एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर निळा झेंडा, त्यावर चंद्र आणि तारा. तिकडं हा झेंडा घरात सापडला तर माणूस तुरुंगात जातो, असं त्यानं सांगितलं. कॉम्प्युटरवर त्यांच्या लोकांचा एक फोरम होता. कुणी जर्मनीत, कुणी तुर्कस्तानात, कुणी अमेरिकेत. दिवसभर देशाच्या गोष्टी, भांडणं, कविता. देश तर त्यांच्या हातात नव्हता, तो तिथंच उभा केलेला. आणि हा फोरम त्यांच्या गावात मात्र उघडत नसे, तिकडच्या सरकारनं बंद केलेला.

शनिवारी दुपारी तीन वाजता त्याची म्हातारी आई बहिणीबरोबर गावातल्या नेटच्या दुकानात यायची आणि पडद्यावर दिसायची. दहा-पंधरा मिनिटं. तेवढ्यासाठी तो आठवडाभर मटणाच्या कारखान्यात सुरी चालवायचा. बोलणं काय, तर जर्दाळू पिकले, थंडी पडली, गुडघा दुखतो. दुसरं काही बोलायचं नाही, कारण ऐकणारे असतात. हळूहळू मीही शनिवारी तिथं जाऊन बसू लागलो, कॅमेऱ्यात येणार नाही असा, कोपऱ्यात. म्हातारीचं एक अक्षर कळत नसे. पण घरात त्या वेळी कुणीतरी कुणाशी आपल्या भाषेत बोलतंय, एवढंच मला पुरे होतं.

मग एका जुलैत तिकडं मोठी दंगल झाली, माणसं मेली, आणि सरकारनं त्या अख्ख्या प्रांताचं इंटरनेट तोडलं. परदेशातून फोनही लागेना. मुलगा म्हणाला, बाबा, एवढ्या मोठ्या भागाचं नेट असं बंद करता येत नसतं. मी म्हणालो, तुला काय माहीत. मेन व्हॉल्व्ह कुठं आहे हे ठाऊक असलं की एक माणूस पुरतो.

शनिवारी तीनला तो तरीही कॉम्प्युटर लावून बसायचा. मीही बसायचो. पडदा काळा.

त्याच हिवाळ्यात, इथं तो जुलै-ऑगस्टात असतो, त्यांचे पंधरा-वीस लोक शहरातल्या चौकात निदर्शनं करणार होते. त्यानं जाताना तोंडाला बांधायला रुमाल काढला. फोरमवरही तो टोपणनावानंच लिहायचा. मला ते पहिल्यापासून रुचत नव्हतं. एका नगरसेवकानं मत न देणाऱ्या गल्लीचं पाणी तोडायला सांगितलं तेव्हा मी भर चौकात नाही म्हटलं होतं, तोंड उघडं ठेवून. मला पंपहाउसवर फेकलं, पण गल्लीला पाणी मिळालं. ही गोष्ट त्यानं माझ्याकडून दहादा ऐकलेली. अकराव्यांदा मी तीच सांगितली आणि वर म्हणालो, "निनावी अर्ज आमच्या ऑफिसात थेट केराच्या टोपलीत जायचा. आईसाठी भांडतोस आणि तोंड लपवतोस?"

तो बराच वेळ रुमालाची घडी करत राहिला. मग रुमाल खुर्चीवर ठेवून निघाला. मी टोपी घातली आणि बरोबर गेलो.

चौकात थंडी मरणाची. बाकी सगळ्यांची तोंडं बांधलेली. आम्ही दोघंच उघडे: तो झेंडा धरून आणि शेजारी मी, धोतरावर स्वेटर आणि डोक्यावर पांढरी टोपी. कुणीतरी फोटो काढला. माझ्या शेजाऱ्यानं तो त्याच दिवशी फोरमवर टाकला आणि खाली स्वतःचं खरं नाव लिहिलं. जगभरातून शाबासक्या आल्या. तो एकेक वाचून मला हिंदीत सांगत होता. मला वाटलं, हे माझं काम. मी छाती काढून घरी आलो आणि सुनेला न मागता चहा करून दिला.

जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, फोन सुरू झाले. नेट बंदच. शनिवारी तीनला त्यानं नंबर लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. म्हातारी आली. तो रडत होता, हसत होता. जर्दाळूंचं झालं, गुडघ्याचं झालं. मग ती काहीतरी म्हणाली आणि त्याचा चेहरा पडला. हळूच माझ्याकडं वळून तो म्हणाला, "ती विचारते आहे, तुझ्या शेजारी उभा असलेला पांढऱ्या टोपीचा म्हातारा कोण?"

मला आधी आनंदच झाला, हे लिहायला लाज वाटते. त्या बाईनं मला कधी पाहिलंच नव्हतं आणि ती माझी चौकशी करते आहे. मग डोक्यात उजेड पडला. तिच्या गावात फोरम उघडत नाही. नेट तर सहा महिने तुटलेलं. मग तिच्या हातात आमचा फोटो कुणी नेऊन दिला?

त्यानं तिला सांगितलं की शेजारी आहे, थोरल्या भावासारखा. ती म्हणाली, बरं झालं, कुणीतरी आहे. आम्ही ठीक आहोत. आता फोन करत जाऊ नकोस. पुढच्या शनिवारी तो नंबर लागला नाही. त्यानंतर कधीच नाही.

त्यानं फोरमवरचा फोटो काढून टाकला, पण तोवर तो दहा ठिकाणी चिकटलेला. तिकडं सरकारला नको ते सगळं पुसलं जातं आणि आम्हाला आमचा एक फोटो पुसता येईना. मी त्याला म्हणालो, मी फोन लावतो, माझ्या फोनवरून, माझा आवाज कोण ओळखणार. हट्टच धरला. तो वैतागला नाही.

"आका, राहू द्या," एवढंच म्हणाला.

जन्मात कुणी राहू द्या म्हटल्यावर मी राहू दिलं नव्हतं. त्या दिवशी दिलं.

मी उघड्या तोंडानं नाही म्हटलं तेव्हा मार मलाच बसला होता. त्याच्या उघड्या तोंडाचा मार तो नव्हता तिथं बसला. एवढा साधा फरक मला त्या खुर्चीवरच्या रुमालाकडं बघून कळायला हवा होता. त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता थोडं हलकं वाटलं असतं.

टोपी काढून ठेवली तेव्हा त्यानंच विचारलं, कुठं गेली? मी म्हणालो, वाऱ्यानं उडते. तो म्हणाला, "घाला. आईनं तुम्हाला त्यातच पाहिलंय."

तेव्हापासून शनिवारी तीनला मी टोपी घालून जातो. तो कॉम्प्युटर लावतो, चहा ओततो. मी आता कोपऱ्यात बसत नाही. त्याच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसतो.