खडूचे तुकडे ठेवलेला माझा कप

मैत्रिणींनो, लांबलचक आजारपणानंतर आज शाळेत रुजू झाले. क्षयाचे उपचार पूर्ण झालेत. माझ्यापासून आता कुणालाही धोका नाही, हे डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

मधल्या सुट्टीत शाळेतल्या शिपाई पुष्पाबाईंनी स्टाफरूममध्ये चहा आणला. सगळ्यांना कपबशीत, मला कागदी कपात.

"माझा कप कुठे आहे?"

पुष्पाबाईंनी मान खाली घातली. शेजारी बसलेले सर म्हणाले, "कायले तरास घेता मॅडम? कागदीच बरा. चहा पेला का कप फेकून द्याचा."

माझा कप खिडकीत होता. त्यात खडूचे तुकडे भरले होते.

माझ्या आजोबांना जातीमुळे गावच्या हॉटेलात बाहेर ठेवलेल्या वेगळ्या कपात चहा मिळायचा. मी खडू टेबलावर ओतले.

"सर, वेगळ्या कपातला चहा आमच्या घरात आता कोणी पीत नाही."

पुष्पाबाईंनी माझ्या हातातून कप ओढून घेतला. "द्या इकडं, मी धुतो."

मी माझ्या कपातून चहा प्याले. सर मात्र आपला चहा अर्धवट सोडून उठून गेले. उद्याही मी सरांच्या शेजारच्या त्याच खुर्चीवर बसणार आहे.

तुमच्या ऑफिसात आजारातून परतलेल्या माणसाचा कप कुठे ठेवलाय? उद्या जरा बघाल?