वळण चुकलेला रेडिओ

रेडिओ हे काही त्याचं खरं नाव नव्हतं, पण खऱ्या नावाने हाक मारली असती तर त्याने वळून पाहिलं असतं की नाही, शंकाच आहे. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चपलांच्या दुकानाला लागून त्याचं केस कापण्याचं दुकान होतं. दोन खुर्च्या, तीन आरसे, एक बाक, आणि शटर वर गेल्यापासून खाली येईपर्यंत अखंड चालणारं त्याचं तोंड. गिऱ्हाईक बसलं की तो आधी गळ्याभोवती कापड बांधायचा आणि मग गोष्ट सुरू करायचा. कापड बांधलेला माणूस पळून जाणार कुठे? कामात मात्र चोख. दाढी अर्धी सोडायची नाही आणि गोष्टही अर्धी सोडायची नाही, हा त्याचा नेम. केस कापून झाले आणि गोष्ट उरली, तर उरलेल्या गोष्टीपुरतं तो मानेवर पुन्हा एकदा मशीन फिरवायचा. त्यामुळे त्या भागातल्या बऱ्याच माना फार स्वच्छ असत.

दुकानाबाहेर मात्र सगळी धरसोड. घराच्या गॅलरीचा कठडा अर्धा निळा होता, अर्धा गंजलेला. माउथ ऑर्गन आणला होता, त्यातून एका गाण्याची पहिली ओळ यायची आणि पुन्हा पहिलीच ओळ यायची. पोहण्याच्या क्लासमध्ये तो तरंगायला शिकला, पुढे सरकायचं राहून गेलं. त्याची बायको बेकरीच्या काउंटरवर काम करायची. पाव मोजून देणाऱ्या बाईला अर्धवटपणा कसा खपावा?

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" ती म्हणायची. "अहो, आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी झालेली दाखवा. एक!"

"अगं, पंचवीस वर्षं संसार केला की तुझ्याशी."

"तो मी केला. तुम्ही सांगत होतात."

पळण्याचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं ते दातांच्या डॉक्टरांनी. डॉक्टर महिन्यातून एकदा केस कापायला यायचे आणि रविवारी सकाळी पळायचे. एकदा कापडाखालून ते म्हणाले, "पोट सुटलंय तुमचं. पळायला लागा."

"किती जोरात पळायचं?"

"सोपं आहे. पळता पळता बोलता आलं पाहिजे. बोलता येतंय तोवर वेग बरोबर. बोलणं बंद पडलं की समजायचं, झेपत नाही."

दुसरा कोणी असता तर त्याने हा सल्ला म्हणून ऐकला असता. रेडिओने तो हुकूम म्हणून ऐकला. पळताना बोललंच पाहिजे! आजवर जगाने त्याला गप्प बस एवढंच सांगितलं होतं, आणि इथे एक शिकलेला माणूस त्याला औषध म्हणून बोलायला सांगत होता. वर्षभरात तो पाच किलोमीटरची एक शर्यत पळाला, दहाच्या दोन पळाला, आणि या सगळ्यांत तोंडाची टकळी एकदाही थांबली नाही. बागेत पळणाऱ्यांचे त्याच्यामुळे दोन तट पडले. एक तट मुद्दाम त्याच्या शेजारी पळायचा, कारण गोष्टीच्या नादात अंतर कळत नसे. दुसरा तट तो दिसला की खाली वाकून बुटाची नाडी बांधत बसायचा.

मग आली दुहेरी दौड. शनिवारी दहा किलोमीटर, रविवारी एकवीस. प्रत्येक दिवशी अर्धं पदक. दोन्ही दिवस वेळेत पळणाऱ्याचीच दोन अर्धुकं मिळून एक आख्खं गोल पदक व्हायचं. एकच दिवस पळालात तर गळ्यात नुसती फोड.

रेडिओने नाव नोंदवलं आणि गावभर दवंडी पिटली. संध्याकाळी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भांडी पुसत होती.

"अर्धं पदक?" ती म्हणाली. "म्हणजे तुमच्यासाठीच काढलंय म्हणा की. ठेवा आणून माउथ ऑर्गनशेजारी."

ती हसत म्हणाली, पण रेडिओला ते लागलं. त्याने त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ठरवलं: बाकी काही राहो, हे पदक गोल घेऊनच घरात यायचं.

शनिवारी सकाळी मैदानावर जत्रेसारखी गर्दी. दहावाल्यांच्या छातीवर हिरवा नंबर; दुहेरीच्या भानगडीत न पडता त्याच दिवशी नुसतं एकवीस पळणारेही होते, त्यांच्या छातीवर नारिंगी; दोघांची सुरुवात एकत्रच. नियम सरळ होता. पाचव्या किलोमीटरला रस्त्यात एक मोठा शंकू ठेवलेला, त्याच्यापुढे वेळ टिपणारी चटई. हिरव्यांनी चटईवर पाय देऊन, शंकूला वळसा घालून परत फिरायचं. नारिंग्यांनी सरळ पुढे जायचं आणि तळ्याला फेरी मारून दुसऱ्या रस्त्याने यायचं. हिरव्यांना दोन तासांची मुदत.

शिट्टी वाजली आणि रेडिओला पहिल्याच किलोमीटरला श्रोता मिळाला. गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या, गोल चष्म्याच्या, छोट्या छोट्या पावलांनी टुकुटुकु पळणाऱ्या. "बोला हो," त्या म्हणाल्या, "माझं लक्ष दुसरीकडे पाहिजेच. पायांकडे गेलं की ते दुखायला लागतात."

असं आमंत्रण त्याला जन्मात कोणी दिलं नव्हतं. तो फुलला. चार किलोमीटर हा हा म्हणता गेले आणि त्याने आपली हुकमी गोष्ट काढली. एक नवरदेव लग्नाच्या आदल्या दिवशी मिशी काढायला आला. रेडिओने डावी बाजू उडवली, उजवीला ब्लेड लावणार तोच दार उघडून खुद्द होणारे सासरे आत आले आणि शेजारच्या खुर्चीत बसले.

"अगंबाई!"

"नवरदेवाच्या तोंडावर मी गपकन गरम टॉवेल टाकला. आणि सासरे म्हणतात कसे, मुलीसाठी स्थळं ढिगानं आली हो, पण आम्हाला मिशीवालाच जावई पाहिजे होता. बिनमिशीचा पुरुष म्हणजे बिनमुठीची छत्री!"

"मग?" बाई म्हणाल्या.

नेमका इथेच शंकू होता. चटईच्या कडेला निळी टोपी घातलेली एक मुलगी हात हलवून ओरडत होती, "हिरवे इकडे! हिरवे वळा!" रेडिओला ती दिसली. ती आपल्याला बघून हात हलवते आहे असं वाटून त्यानेही तिला हात केला. गोष्ट अर्धी टाकून वळणाऱ्यांतला तो नव्हता. "मग टॉवेलखालून नवरदेव माझा कोट ओढतोय," म्हणत तो शंकूच्या डावीकडून झपाझप पुढे निघून गेला.

गोष्ट लांबवण्यात त्याचा हात कोण धरणार? सासऱ्यांचं घराणं आलं, त्यांच्या मिशीचा इतिहास आला, आणि तळ्याचं पाणी झाडांतून चमकायला लागलं तेव्हा कुठे शेवट आला. "मला दुसरा मार्गच सुचेना. मी सासऱ्यांच्या दाढीला साबण लावला, जोरात शिंकलो, आणि त्यांचीही अर्धी मिशी उडवली! मग काय, दोघांनाही पूर्ण काढणं आलं. दुसऱ्या दिवशी मांडवात सासरा-जावई दोघेही सारखे गुळगुळीत, आणि सासरे सगळ्यांना सांगतायत, बघा, जावयाने माझ्या मानाखातर मिशी काढली!"

बाई इतक्या हसल्या की त्यांना झाडाला धरून उभं राहावं लागलं. डोळे पुसता पुसता त्यांची नजर त्याच्या छातीवर गेली आणि हसू जागच्या जागी थिजलं.

"अहो, तुमचा नंबर हिरवा आहे."

"हो. छान आहे ना?"

"अहो, दहावाले ना तुम्ही? इथे आठ किलोमीटर झाले!"

रेडिओचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून चक्क काहीच बाहेर आलं नाही. पदकाचं अर्धुक त्याच्या डोळ्यांपुढून पाखरासारखं उडालं. चटईवर पाय नाही म्हणजे शनिवार गेला. शनिवार गेला म्हणजे रविवार पळूनही फोडच. आणि घरी भांडी पुसणारी बायको.

बाईंनी मात्र उभ्या उभ्या गणित मांडलं. "मागे तीन, मग घरचे पाच. एक तास दहा मिनिटं झालीत, पन्नास मिनिटं उरलीत. जमेल. पण या गप्पांच्या वेगाने नाही जमणार. तोंड मिटा आणि पळा!"

त्याने तोंड मिटलं आणि पळाला.

आता सगळे नारिंगी समोरून येत होते आणि हा एकटा हिरवा उलटा सुटला होता. त्यातली निम्मी त्याची गिऱ्हाईकं. "काय रे रेडिओ, उलटा कुठे?" पोस्टमनने विचारलं. उत्तर नाही. पोस्टमनच्या मागून येणारे विमा एजंट दोन्ही हात पसरून आडवे झाले. "अरे, काय झालं ते तरी सांग!" रेडिओ त्यांच्या काखेखालून निघून गेला. एजंट आ वासून बघत राहिले. या माणसाला एक प्रश्न विचारला तर अर्धा तास जातो, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव.

"याला काहीतरी झालंय," ते पोस्टमनला म्हणाले. "बोलत नाहीये!"

ही बातमी रेडिओपेक्षा वेगाने पळाली. बोलत नाहीये. अजिबात बोलत नाहीये. वाचा गेली. तो शंकूपाशी पोचेपर्यंत सायकलवरून मदतीची पेटी घेऊन फिरणारे दातांचे डॉक्टर तिथे हजर होते. निळ्या टोपीवाली मुलगी चटई गुंडाळत होती. रेडिओने हातवारे केले, छातीवरचा नंबर दाखवला, हात जोडले. तिला काही कळेना, पण घाबरून तिने चटई पुन्हा उलगडली. त्याने चटईवर दोन्ही पायांनी उडी मारली, ती पीं करून वाजली, आणि तो शंकूला वळसा घालून सुटला.

डॉक्टर सायकल घेऊन मागे. "थांबा! बोला आधी काहीतरी!"

रेडिओने मान हलवली.

"अहो, बोलता येत नसेल तर मला तुम्हाला बाहेर काढावं लागेल. आज वार कोणता?"

आली का पंचाईत! बोलावं तर दम जातो, न बोलावं तर शर्यत जाते. आयुष्यभर फुकट उधळलेले शब्द आज एकेक करून मोजावे लागत होते.

"शनि!" तो म्हणाला.

"वार म्हणून म्हणताय की मला म्हणताय?"

"वार!"

"ठीक. दर वळणाला एक शब्द बोलायचा. नाहीतर उतरवतो."

असा तो पाच किलोमीटरचा प्रवास झाला. वळण आलं की डॉक्टर विचारायचे आणि हा एक शब्द भिरकावायचा. "दात किती?" "बत्तीस!" "खोटं. दाढ मी काढलीय." "एकतीस!" मैदानात शिरताना कमानीवरचं घड्याळ मुदतीच्या अगदी काठावर होतं, आणि निवेदकाने ओरडून सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. रेडिओ कमानीखालून गेला तो तसाच गवतावर आडवा. कोणीतरी त्याच्या पोटावर पदकाचं अर्धुक ठेवलं.

खरी परीक्षा घरी होती. दहाचे सोळा झाले हे बायकोला कळलं असतं, तर तिने रविवारी बूट कपाटात घालून किल्ली बेकरीत नेली असती. त्यामुळे एवढी नामी गोष्ट पोटात असून त्याला गप्प राहावं लागलं. संध्याकाळभर तो तोंडाला कुलूप घालून बसला. दोनदा ओठ उघडले आणि त्यात पोळी कोंबली.

"ताप आलाय का?" बायकोने कपाळाला हात लावला.

"नाही."

"मग पैसे हरवले?"

"नाही."

"दुसरी कोणी...?"

"अगं, नाही!"

इतकं गप्प तिने त्याला झोपेतही पाहिलं नव्हतं.

रविवारी पाय दुसऱ्याचे आणून लावल्यासारखे झाले होते. पहिले दहा किलोमीटर रेटले, पुढचे पाच ढकलले, त्यापुढचे कसे गेले ते त्याचं त्याला माहीत. एकोणिसाव्याला रस्ता बेकरीच्या मागच्या दारावरून जात होता. तिथे बायको उभी होती. अंगावर एप्रन, कोपरापर्यंत पीठ. सकाळी पाव घ्यायला आलेल्या विमा एजंटांनी कालची बातमी पोचवण्याचं काम चोख केलं होतं.

"सोळा!" ती पदपथावरून त्याच्या बरोबरीने चालायला लागली. "सोळा पळालात आणि मला दहा सांगितलंत! आणि वर आज एकवीस! वय काय तुमचं? कोणी सांगितला हा उपद्व्याप? पाय बघा, फेंगडे पडतायत. सरळ टाका! आता थांबू नका, खबरदार थांबलात तर! इतकं करून ती फोड माझ्या घरात आणायची नाही!"

तिचं बोलणं चालू होतं तोवर त्याचं लक्ष पायांकडे गेलं नाही. पायांवरून ती शेजाऱ्यांवर गेली, शेजाऱ्यांवरून आपल्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्यावर घसरली, आणि कमान आली तेव्हा दोघंही रस्त्याच्या मधोमध होते. ती चपला फटफटवत पुढे, तो मागे.

"बाई, तुमचा नंबर?" कमानीपाशी एका स्वयंसेवकाने तिला अडवलं.

"हा काय, मागून येतोय," तिने नवऱ्याकडे बोट केलं आणि त्याला दंडाला धरून रेषेच्या पार ओढलं.

दुसरं अर्धुक तिनेच घेतलं. त्याच्या खिशातलं पहिलं काढून तिने दोन्ही एकमेकांना भिडवली. टक् आवाज झाला. तिने ओढून पाहिलं, फिरवून पाहिलं, कडेने पिठाचं बोट फिरवून फट राहिली आहे का तेही पाहिलं. फट नव्हती. मग ते तिने आपल्याच गळ्यात घातलं, आणि त्याला हाताला धरून बसथांब्याच्या बाकावर नेऊन बसवलं.

"आता सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून. काही गाळायचं नाही."

रेडिओ घोटभर पाणी प्यायला आणि त्याने सुरू केलं. बस आली आणि गेली. दुसरी आली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली, तीही गेली. नवरदेवाच्या तोंडावर गरम टॉवेल पडला, बायको हसून हसून त्याच्या खांद्यावर कोसळली, आणि अजून शंकू यायचा होता.